पेटंट : शोधकाचा हक्क आणि समाजाचे हित

नवी वस्तू किंवा वस्तू तयार करण्याची नवी रीत शोधून काढण्यासाठी बुद्धी, श्रम, वेळ आणि पैसा खर्ची पडतो. तिची नक्कल करण्यासाठी मात्र यांपैकी फारसे काही लागत नाही. वर्षानुवर्षे धडपडून सिद्ध केलेले यंत्र एकदा बाजारात आले, की दुसरा कुशल कारागीर ते उघडून पाहतो आणि थोड्याच दिवसांत तसेच यंत्र उभे करतो. मूळ शोधकाने प्रयोगांवर केलेला खर्च त्याला करावा लागत नसल्याने त्याचा माल स्वस्त पडतो आणि शोधकच बाजारातून मागे पडतो. अशा स्थितीत माणूस एक तर शोध लावण्याच्या खटाटोपात पडत नाही, किंवा लागलेला शोध गुप्त ठेवतो. दोन्ही प्रकारांत तोटा समाजाचाच होतो.

या तोट्यावरील उपाय म्हणून पेटंटची पद्धत अस्तित्वात आली. पेटंटला मराठीत 'एकस्व' असा प्रतिशब्द आहे. तथापि 'पेटंट' हाच शब्द व्यवहारात रुळलेला असल्याने तोच येथे वापरला आहे. पेटंट म्हणजे बुद्धिमान व्यक्तीला शासनाने दिलेले प्रशस्तिपत्र, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो एक करार आहे आणि तो लेखी असतो. कोणी काय लिहून दिले व कोणत्या तारखेस दिले, यावर या करारातील बहुतेक सर्व प्रश्नांचा निकाल अवलंबून असतो. ही एक गोष्ट ध्यानी न घेतल्यामुळे अनेक होतकरू शोधक आपल्या हक्कास मुकतात, आणि पिढ्यानपिढ्या सर्वांचे असलेले ज्ञान क्वचित एखाद्याच्या मालकीचे होऊन बसते.

कराराचे स्वरूप

या कराराचा एक पक्ष शोधक असतो आणि दुसरा पक्ष शासनाच्या रूपाने समाज असतो. शोधकाने आपल्या शोधाचा संपूर्ण तपशील, काहीही हातचे न राखता, लिहून द्यावयाचा असतो. त्या विषयातील सामान्य जाणकाराला तो वाचून तीच वस्तू तयार करता आली पाहिजे, इतका तो स्पष्ट असावा लागतो. याच्या मोबदल्यात समाज शोधकाला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे एक विशेष हक्क देतो. त्याच्या संमतीवाचून ती वस्तू तयार करणे, वापरणे, विकणे, विक्रीस ठेवणे किंवा आयात करणे यांपासून इतरांना रोखण्याचा तो हक्क होय. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. शिवाय अर्जातील मजकूर साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होत असल्याने, पुढील संशोधनासाठी त्याचा अभ्यास करण्याची वाट मुदत संपण्यापूर्वीच खुली होते.

या हक्काच्या मर्यादाही समजून घेतल्या पाहिजेत. पेटंट इतरांना रोखण्याचा अधिकार देते. इतर कायद्यांतून सूट देत नाही. एखाद्या औषधाचे पेटंट मिळाले, तरी ते विकण्यासाठी औषधविषयक कायद्याखालील परवाना वेगळा घ्यावाच लागतो. पेटंट ज्या देशाने दिले त्या देशापुरतेच चालते. भारतातील पेटंटच्या बळावर परदेशातील नक्कल थांबवता येत नाही. तसेच तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक शुल्क भरून पेटंट चालू ठेवावे लागते. शुल्क थकले तर २० वर्षे पूर्ण होण्याआधीच ते संपुष्टात येते.

बौद्धिक संपदेचे इतर हक्क पेटंटहून भिन्न आहेत. मालाच्या नावाला किंवा खुणेला व्यापारचिन्हाचा कायदा संरक्षण देतो, वस्तूच्या बाह्य आकाराला व नक्षीला संकल्पचित्रांचा कायदा, तर लेखनाला व कलाकृतीला स्वामित्वहक्काचा कायदा. पुणेरी पगडी, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सांगलीची हळद यांना मिळालेले भौगोलिक मानांकन हा त्या त्या परिसरातील उत्पादकांचा सामुदायिक हक्क आहे. पेटंटचा विषय मात्र एकच असतो: तांत्रिक अडचणीवर काढलेला नवा तोडगा.

भारतातील कायद्याची वाटचाल

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १४७४ मध्ये शोधकांसाठी कायदा केला आणि इंग्लंडमध्ये १६२४ च्या कायद्याने राजाच्या मर्जीतून दिल्या जाणाऱ्या मक्तेदाऱ्यांना आळा घालून नव्या शोधांपुरता १४ वर्षांचा हक्क शिल्लक ठेवला. भारतात पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्या वर्षी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांना छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी देशातील पहिला असा हक्क मिळाला. इंग्लंडच्या राणीची पूर्वसंमती न घेतल्याने तो कायदा पुढील वर्षी रद्द करावा लागला व १८५९ मध्ये सुधारून पुन्हा करण्यात आला. पुढे १९११ चा कायदा आला आणि तो स्वातंत्र्यानंतरही बराच काळ चालू राहिला.

स्वतंत्र भारतात न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांच्या समितीने आणि नंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी या कायद्याची तपासणी केली. अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून एक विदारक चित्र पुढे आले. देशातील बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या हाती होती आणि त्यांपैकी बहुतेकांचा वापर भारतात होतच नव्हता. समाजाने हक्क दिला, परंतु त्या बदल्यात समाजाच्या पदरात उद्योग पडला नाही, ज्ञानही पडले नाही, असा हा एकतर्फी करार होता. म्हणून १९७० मध्ये नवा पेटंट कायदा करण्यात आला व तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. अन्न, औषधे व रासायनिक पदार्थ यांच्या बाबतीत वस्तूला नव्हे, तर ती तयार करण्याच्या प्रक्रियेलाच पेटंट द्यावे, अशी त्यात तरतूद होती. तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने तयार करण्याची मोकळीक त्यामुळे देशी कारखान्यांना मिळाली आणि भारतातील औषध उद्योगाचा पाया भक्कम झाला.

जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाल्यावर भारताला या कायद्यात १९९९, २००२ व २००५ मध्ये फेरबदल करावे लागले. पेटंटची मुदत सरसकट २० वर्षे झाली आणि १ जानेवारी २००५ पासून औषधांसह सर्व क्षेत्रांतील वस्तूंना पेटंट देणे सुरू झाले. जनहिताच्या काही महत्त्वाच्या तरतुदी मात्र कायद्यात राखण्यात वा नव्याने घालण्यात आल्या. त्यांचा विचार पुढे केला आहे.

तीन कसोट्या

पेटंट मिळण्यासाठी शोधाला तीन कसोट्यांस उतरावे लागते. समजा, एखाद्या तालुक्यातील लोहाराने तिफणीला असा एक भाग जोडला की, चाड्यातून पडणारे बी प्रत्येक नळीतून सारख्या अंतराने पडावे. या सुधारणेला पेटंट मिळेल काय?

पहिली कसोटी नावीन्याची. अर्जाच्या तारखेपूर्वी हा शोध जगात कोठेही प्रसिद्ध झालेला नसावा किंवा भारतात उघड वापरात आलेला नसावा. लोहाराला स्वतःला ती कल्पना नव्याने सुचली, एवढे पुरेसे नाही. तशीच जोडणी एखाद्या परदेशी मासिकात छापून आलेली असेल, तर नावीन्य उरत नाही.

दुसरी कसोटी शोधकतेची. नवी गोष्ट त्या धंद्यातील जाणकाराला सहज सुचण्याजोगी नसावी. या कसोटीचे विवेचन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात केले. मिर्झापूर येथील भांड्यांच्या धंद्यातून हा वाद निर्माण झाला होता. लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या साधनातील सुधारणेवर पेटंट घेण्यात आले होते. कारखान्यात काम करताना कोणाही कसबी कारागिराला सुचेल अशी ही नेहमीची सुधारणा असून तिच्यात शोधकतेचे पाऊल नाही, असे न्यायालयाचे मत पडले आणि ते पेटंट टिकले नाही. आपल्या लोहाराने नळीचे भोक केवळ थोडे मोठे केले असेल, तर त्याचीही गत हीच होईल. परंतु सारखे अंतर राखण्यासाठी त्याने एखादी निराळीच योजना बसवली असेल, तर तो या कसोटीस उतरू शकेल.

तिसरी कसोटी उपयुक्ततेची. शोध प्रत्यक्षात तयार करता यावा व उद्योगात वापरता यावा. शेती हाही येथे उद्योगच मानला जातो. नुसती कल्पना, मग ती कितीही चतुर असो, या कसोटीस पुरी पडत नाही.

कायद्याच्या कक्षेबाहेरच्या गोष्टी

काही गोष्टी मुळातच पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या आहेत. निसर्गात असलेल्या पदार्थाचा किंवा नियमाचा केवळ पत्ता लागणे, गणिताची रीत, व्यवसायाची पद्धत, नुसती संगणक आज्ञावली, शेती व फळबाग करण्याच्या पद्धती, माणसावरील व जनावरांवरील उपचारपद्धती, तसेच पारंपरिक ज्ञान यांना भारतात पेटंट मिळत नाही. पेरणीच्या नव्या पद्धतीला ते मिळणार नाही, पण पेरणीच्या नव्या अवजाराला मिळू शकेल, हा भेद शेतकऱ्यांना समजावून देणे आवश्यक आहे.

वनस्पतींच्या वाणांनाही पेटंट मिळत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी निराळे राखले आणि वर्षानुवर्षे निवड करीत एक बारीक, चवदार वाण सिद्ध केले. एका लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून ते 'एचएमटी' म्हणून प्रसिद्धीस आले व अनेक राज्यांत पसरले. वाण लोकप्रिय झाले. परंतु ते घडवणाऱ्याला त्या प्रसाराच्या मानाने फारच थोडे मिळाले. त्या काळी अशा शेतकऱ्याचा हक्क नोंदवणारा कायदाच देशात नव्हता. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने २००५ मध्ये त्यांचा गौरव केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ही उणीव भरून निघाली आहे. वनस्पतींचे वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपण विकसित केलेल्या किंवा जतन केलेल्या वाणाची नोंदणी करता येते व त्यासाठी त्याला शुल्क द्यावे लागत नाही. पिकांच्या वाणांना १५ वर्षांपर्यंत, तर वृक्ष व वेली यांच्या वाणांना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. कायदा झाला तरी नोंदणी मात्र शेतकऱ्याच्या नावाने कोणीतरी करावी लागते, आणि तेथे कृषी सहायक, शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरते.

अर्जापासून पेटंटपर्यंत

महाराष्ट्रातील शोधकाचा अर्ज मुंबई येथील पेटंट कार्यालयाकडे जातो. अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात हे कार्यालय असून गोवा, गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगढ ही राज्येही त्याच्याच कार्यक्षेत्रात येतात. अर्ज संगणकाद्वारेही करता येतो. व्यक्ती, नवउद्यम, लघुउद्योग व शैक्षणिक संस्था यांच्यासाठी शुल्काचे दर मोठ्या कंपन्यांपेक्षा पुष्कळ कमी आहेत. संगणकाद्वारे अर्ज करणाऱ्या व्यक्तीला अर्जासाठी १,६०० रुपये, तर मोठ्या कंपनीला ८,००० रुपये भरावे लागतात. परीक्षणाचे शुल्क याहून निराळे असते.

शोध अद्याप पूर्णत्वास गेला नसेल, तर तात्पुरता विनिर्देश, म्हणजे शोधाचे प्राथमिक वर्णन, देऊन तारीख राखून ठेवता येते. तेथून १२ महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश सादर करावा लागतो. पूर्ण विनिर्देशाचे सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे त्याच्या अखेरीस येणारे दावे. जमिनीच्या खरेदीखतात जशी चतुःसीमा, तसे पेटंटमध्ये दावे. दाव्यात जे आले तेवढ्यावरच हक्क. जे आले नाही ते इतरांना मोकळे. आपल्या लोहाराने 'तीन फणांच्या तिफणीला बसवलेला भाग' असा दावा केला, तर चार फणांच्या अवजाराला तोच भाग बसवणारा सहीसलामत सुटू शकेल. उलट दावा फारच व्यापक केला, तर त्यात आधीपासून माहीत असलेल्या गोष्टी येऊन दावाच बाद होण्याचा संभव असतो. म्हणून दाव्यांचा मसुदा जाणकार पेटंट अभिकर्त्याकडून करून घेणे हिताचे असते.

अर्ज प्रसिद्ध झाल्यावरही त्याचे परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळी विनंती करावी लागते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ही मुदत ३१ महिन्यांची आहे. ती चुकल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते. परीक्षक आपल्या हरकती कळवतो, अर्जदार त्यांना उत्तर देतो व समाधान झाल्यास पेटंट मंजूर होते. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणाही व्यक्तीला लेखी हरकत घेता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला हरकत घेता येते.

आधी अर्ज, मग प्रदर्शन

शोधकांच्या हातून हक्क निसटण्याचे एक नेहमीचे कारण चोरी हे नसून उत्साह हे असते. शोध तयार झाला की तो कृषी प्रदर्शनात मांडला जातो, शाळेच्या विज्ञान मेळाव्यात दाखवला जातो, त्याची बातमी छायाचित्रासह वर्तमानपत्रात येते, यंत्र चालवून दाखवणारी चित्रफीत सर्वत्र फिरते. कौतुक होते, बक्षीसही मिळते. त्यानंतर कोणीतरी पेटंटचा विषय काढतो. परंतु तोपर्यंत शोध प्रसिद्ध झालेला असतो आणि जे प्रसिद्ध झाले ते नवीन राहत नाही. शोध स्वतः शोधकानेच प्रकट केला होता, ही सबब सामान्यतः चालत नाही.

कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत. केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे मान्य केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला किंवा विद्वत्सभेपुढे त्यावर निबंध वाचला, तर तेथून १२ महिन्यांच्या आत अर्ज करण्याची सवलत मिळते. गावोगावच्या सर्वसाधारण प्रदर्शनांना ही अधिसूचना लागू असते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. पुष्कळ देशांत तर अशी सवलत याहूनही कमी मिळते. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन, हाच सुरक्षित क्रम होय. दरम्यान कारागिराकडून एखादा भाग घडवून घ्यावयाचा असेल, तर गुप्तता राखण्याचा लेखी करार करून घ्यावा. पेटंट प्रथम अर्ज करणाऱ्याला मिळते. त्यामुळे दोघांना एकच शोध स्वतंत्रपणे लागला असेल, तर एका दिवसाचे अंतरही निर्णायक ठरते.

हळद आणि कडुनिंब

लेखी नोंदीचे महत्त्व पारंपरिक ज्ञानाच्या बाबतीत किती आहे, हे दोन गाजलेल्या प्रकरणांवरून दिसून येते. जखमेवर हळद लावावी, हे भारतातील घराघरात ठाऊक आहे. तरीही मार्च १९९५ मध्ये, जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत पेटंट देण्यात आले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले. मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते.

अडचण अशी होती की, अमेरिकेबाहेरील लोक एखादी गोष्ट पिढ्यानपिढ्या वापरीत आले आहेत, एवढ्याने तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार नावीन्य नष्ट होत नव्हते. त्यासाठी छापील पुरावा लागे. आजीचा बटवा हा पुरावा नव्हता. परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसेच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला एक निबंधही होता. त्या लेखी पुराव्यापुढे पेटंट टिकू शकले नाही आणि १९९७ मध्ये ते रद्द ठरवण्यात आले.

दुसरे प्रकरण कडुनिंबाचे. निंबोणीच्या तेलाचा बुरशीनाशक म्हणून उपयोग करण्याच्या पद्धतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी व अमेरिकेचे कृषी खाते यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले. वंदना शिवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यावर हरकत घेतली. युरोपच्या कायद्यात जगात कोठेही झालेला उघड वापर नावीन्याला बाधक ठरतो; मात्र तो केव्हा, कोठे व कसा झाला हे निश्चितपणे सिद्ध करावे लागते. तेथे महाराष्ट्रातील नोंदी उपयोगी पडल्या. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली या जिल्ह्यांत शेतावर अशा अर्काच्या चाचण्या उघडपणे झाल्या होत्या, असा पुरावा साक्षीसह मांडण्यात आला. युरोपीय पेटंट कार्यालयाने २००० मध्ये पेटंट रद्द केले आणि ८ मार्च २००५ रोजी त्यावरील अपीलही फेटाळले गेले.

या दोन्ही लढ्यांना काळ व पैसा लागला. प्रत्येक पेटंटमागे असे धावणे शक्य नव्हते. म्हणून २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास प्रारंभ झाला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध इत्यादी ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या भाषांत उतरवून परदेशी पेटंट परीक्षकांना पाहता येतील अशी व्यवस्था करण्यात आली. पेटंट मिळाल्यावर लढण्यापेक्षा ते मिळण्यापूर्वीच नोंद परीक्षकासमोर असणे केव्हाही श्रेयस्कर.

जनहिताच्या तरतुदी

करारात समाजाचेही हित राखले जावे, यासाठी कायद्यात अनेक तरतुदी आहेत. माहीत असलेल्या औषधी पदार्थाचे रूप किंचित बदलून नव्याने २० वर्षे मिळवण्याचा प्रयत्न होऊ नये, यासाठी कलम ३ चे खंड (घ) आहे. नव्या रूपाने परिणामकारकता लक्षणीय वाढली असेल तरच पेटंट मिळते. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेट या औषधाच्या एका स्फटिकरूपास पेटंट नाकारणारा निर्णय कायम केला. केवळ साठवणुकीस किंवा निर्मितीस सोयीचे गुण पुरेसे नाहीत. औषधाची परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातील परिणामकारकता, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

दुसरी तरतूद सक्तीच्या परवान्याची. पेटंट मंजूर होऊन तीन वर्षे झाल्यावरही जनतेची वाजवी गरज भागत नसेल, वस्तू परवडणाऱ्या दरात मिळत नसेल किंवा भारतात शोध वापरात आणला जात नसेल, तर दुसऱ्या उत्पादकाला परवाना देता येतो. असा पहिला परवाना ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या कार्यालयातून हैदराबादच्या नॅटको कंपनीला देण्यात आला. बायर कंपनीचे सोराफेनिब हे मूत्रपिंडाच्या व यकृताच्या कर्करोगावरील औषध रुग्णाला महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत होते. नॅटकोने ते सुमारे ८,८०० रुपयांत देण्याचे मान्य केले. पेटंटधारकाला विक्रीच्या ६ टक्के रॉयल्टी ठरवण्यात आली व अपिलात ती ७ टक्के झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला. शोधकाचा मोबदला न बुडवता रुग्णाचा जीव वाचवता येतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

पेटंट मिळाल्यानंतर

पेटंटच्या उल्लंघनाविरुद्ध पोलिसांत तक्रार करून भागत नाही. हा दिवाणी स्वरूपाचा हक्क असून दाद न्यायालयातच मागावी लागते. नक्कल शोधून काढणे व दावा चालवणे ही जबाबदारी पेटंटधारकाची आहे. न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते व नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब मागू शकते. दाव्यात प्रतिवादी पेटंटच्या वैधतेलाच आव्हान देऊ शकतो. म्हणून मूळ अर्जातील प्रत्येक शब्दाचे मोल पुढे अनेक वर्षे राहते.

पेटंट म्हणजे विक्रीची हमीही नव्हे. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी लंडनमध्ये छपाईचे खिळे ओतण्याच्या यंत्रात महत्त्वाचे शोध लावले व पेटंटेही घेतली. परंतु शोधाला भांडवल व बाजारपेठ मिळवून देण्यासाठी त्यांना दीर्घ काळ झगडावे लागले. १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचा मृत्यू झाला. शोधकाला स्वतः कारखाना काढता येत नसेल, तर तो पेटंट विकू शकतो किंवा रॉयल्टी ठरवून इतरांना परवाना देऊ शकतो. आपला शोध सर्वांना विनामूल्य देण्याचे स्वातंत्र्यही त्याला आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांची वृत्ती अशीच होती. विद्युत्लहरींच्या संवेदकासाठी १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले, परंतु त्यापासून त्यांनी आर्थिक लाभ घेतला नाही. शोध समाजाला अर्पण करावयाचा असला, तरी तो तारखेसह प्रसिद्ध करणे इष्ट असते. मग त्याच गोष्टीवर दुसऱ्या कोणाला हक्क सांगता येत नाही.

शाळा, पंचायत आणि कार्यालय

शोधकाला प्रथम भेटणारा माणूस बहुधा वकील नसतो. तो शिक्षक, विस्तार अधिकारी किंवा पंचायत सदस्य असतो. त्याने योग्य वेळी दिलेला सल्ला शोधकाच्या हक्काचे रक्षण करू शकतो. विज्ञान प्रदर्शनासाठी उपकरणे निवडताना, त्यांत खरोखर नवीन काही आहे काय, याचा विचार शाळेत आधी व्हावा. तसे वाटल्यास प्रदर्शनापूर्वी तात्पुरता विनिर्देश सादर करावा व विद्यार्थ्याचे नाव शोधक म्हणून त्यात नोंदवले जाईल याची दक्षता घ्यावी. प्रयोगांची वही तारखांसह ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे विनामूल्य पाहता येतात. आपला शोध खरोखर नवा आहे काय, हे तेथे प्रथम तपासता येते. मुदत संपलेल्या पेटंटांतील ज्ञान तर स्थानिक उद्योगांनी मोकळेपणाने वापरावे असेच आहे.

पंचायतीकडे याहून वेगळी जबाबदारी आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन होणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावच्या परिसरातील वनस्पती, वाण, जनावरे व त्यांविषयीचे लोकज्ञान तिच्यात येते. जैविक साधनसंपत्तीवर किंवा तत्संबंधी ज्ञानावर आधारलेल्या शोधाचे पेटंट घेताना, प्रकरणपरत्वे, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी किंवा नोंदणी लागते आणि अर्जात त्या पदार्थाचे मूळ ठिकाणही सांगावे लागते. नोंदवही नीट असेल, तर असा दावा पारखणे सोपे जाते. मात्र एखाद्या वैदूने आपल्यापुरते राखलेले औषध त्याच्या संमतीवाचून नोंदवहीत उघड करू नये. सर्वांना ठाऊक असलेले ज्ञान आणि एकाने जपलेले ज्ञान यांतील भेद समितीने पाळला पाहिजे.

लोहाराने आपल्या तिफणीचे वर्णन प्रदर्शनापूर्वी लिहून देणे आणि गावाने आपल्या परिसरातील वनस्पतींचे गुण नोंदवहीत लिहून ठेवणे, या दोन्ही एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. पहिलीमुळे नवे ज्ञान शोधकाच्या हाती राहते; दुसरीमुळे जुने ज्ञान सर्वांचे राहते. कायद्याने दोन्हींसाठी जागा करून ठेवली आहे. ती जागा वेळेवर भरण्याचे काम मात्र गावातील सुजाण माणसांनाच करावे लागेल.